योजनेच्या अर्जामागचे संविधान: ते कसे तयार झाले आणि तुमच्या हक्काशी त्याचा काय संबंध

या संकेतस्थळावर तुम्ही बहुतेक वेळा एखाद्या ठरावीक कामासाठी येता. विधवा पेन्शनला कोणती कागदपत्रे लागतात, रेशन कार्डात सुनेचे नाव कसे चढवायचे, मुलाच्या शिष्यवृत्तीची शेवटची तारीख कोणती. या पानावर तसली माहिती नाही. त्या सगळ्या योजना ज्या एका पुस्तकाच्या आधाराने उभ्या आहेत, त्या पुस्तकाची ही ओळख आहे. ती वाचून अर्ज उद्याच मंजूर होईल असे नाही. पण खिडकीपलीकडून ‘होत नाही’ असे उत्तर आले, तर पुढचा प्रश्न काय विचारायचा हे समजायला तिचा उपयोग होईल.

आधी शब्दांचे. ‘भारताचे संविधान’, ‘भारतीय राज्यघटना’ आणि नुसतेच ‘घटना’ ही एकाच पुस्तकाची नावे आहेत. त्यातल्या प्रत्येक क्रमांकित तरतुदीला अधिकृत मराठी प्रतीत ‘अनुच्छेद’ म्हणतात, बोलताना आपण ‘कलम’ म्हणतो. इथे ‘कलम’ हाच शब्द वापरला आहे. मी या संकेतस्थळासाठी कराराने अनुवाद करते आणि बेंगळुरूच्या उत्तरेला येलहंक्यात राहते, त्यामुळे कर्नाटकातली उदाहरणे जास्त आली आहेत. महाराष्ट्रातल्या वाचकांनी नाडकचेरीच्या जागी तहसील कार्यालय वाचावे.

हे पुस्तक कोणी लिहिले

एका माणसाने लिहिले नाही आणि एका बैठकीत लिहिले नाही. इंग्रज अजून जायचे होते तेव्हाच, १९४६ साली, संविधान सभा निवडली गेली. तिची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी दिल्लीत झाली. दोनच दिवसांनी डॉ. राजेंद्र प्रसाद तिचे अध्यक्ष झाले. सुरुवातीला सभेची ठरलेली सदस्यसंख्या ३८९ होती. फाळणीनंतर ती २९९ वर आली. सभेत १५ महिला होत्या.

या सभेचे सदस्य लोकांनी थेट मत देऊन निवडलेले नव्हते. प्रांतांच्या विधिमंडळांतल्या आमदारांनी त्यांना निवडले होते, आणि ते आमदार निवडून देण्याचा अधिकार फार थोड्या लोकांना होता. १९३५ च्या कायद्यात मत देण्यासाठी मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांची अट होती. स्त्रियांपैकी अनेकींना मत मिळाले ते नवऱ्याच्या मालमत्तेच्या आधारावर. शेतमजूर, गिरणीतला बदली कामगार, भांडी घासणारी बाई यांचे नाव यादीत नव्हते. संस्थानांचे प्रतिनिधी तर संस्थानाच्या मार्गानेच आले. संविधान सभेवरचा हा आक्षेप खरा आहे, तो लपवण्याचे कारण नाही. मात्र मोजक्यांच्या मतांवर निवडून आलेल्या याच सभेने पुढे प्रत्येक प्रौढ माणसाला मत दिले, हेही तितकेच खरे आहे.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी सभेने सात जणांची मसुदा समिती नेमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष झाले. संविधान सभेत त्यांचा प्रवेश सहज झाला नव्हता. १९४६ साली ते मुंबई प्रांतातून नव्हे, तर बंगालमधून निवडून आले होते. फाळणीत बंगालची विभागणी झाली आणि ती जागा गेली. मग जुलै १९४७ मध्ये बॅ. मु. रा. जयकरांनी रिकामी केलेल्या मुंबईच्या जागेवर ते निवडून आले. बाळासाहेब खेर तेव्हा मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते (प्रांताच्या प्रमुखाला त्या काळी हेच नाव होते).

कर्नाटकातल्या वाचकांना दोन नावे जवळची वाटतील. सभेचे घटनात्मक सल्लागार बेनेगल नरसिंग राव मूळचे मंगळूरचे. ऑक्टोबर १९४७ मध्ये पहिला कच्चा मसुदा त्यांनी तयार केला आणि मसुदा समितीने त्यावर काम केले. दुसरे एन. माधव राव. हे आधी मैसूर संस्थानाचे दिवाण होते आणि बी. एल. मित्तर यांच्या जागी मसुदा समितीवर आले. येलहंका ज्या संस्थानात होते, तिथला कारभार पाहिलेला माणूस त्या सात जणांत होता.

मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये लोकांसमोर ठेवला गेला. त्यावर सूचना आल्या, टीका झाली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी आंबेडकरांनी तो सभेत मांडला आणि त्यानंतर एकेका कलमावर चर्चा सुरू झाली. सदस्यांनी ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. दोन वर्षे अकरा महिने आणि वर काही दिवस इतक्या काळात सभेची अकरा सत्रे झाली. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले गेले आणि २६ जानेवारी १९५० पासून ते पूर्णपणे लागू झाले. म्हणून एक संविधान दिन आणि दुसरा प्रजासत्ताक दिन.

तुमचे गाव तेव्हा कुठे होते

आज एका राज्यात असलेली गावे तेव्हा वेगवेगळ्या राजवटींत होती. बेळगाव, विजापूर, धारवाड, कारवार हे भाग मुंबई प्रांतात. बिदर, गुलबर्गा, रायचूर निजामाच्या हैदराबादेत. बेंगळुरू आणि येलहंका मैसूरच्या महाराजांकडे. मैसुरात १८८१ पासून प्रजाप्रतिनिधी सभा होती. त्या काळच्या मानाने ही मोठी गोष्ट, पण सभेत बसत जमीनदार आणि व्यापारी, आणि तिचे म्हणणे ऐकणे महाराजांवर बंधनकारक नव्हते. लोकांना जबाबदार सरकार हवे होते. ते मिळाले १९४७ च्या ऑक्टोबरात, ‘मैसूर चलो’ चळवळीनंतर. मैसूरने स्वतःचे वेगळे संविधान लिहायलाही घेतले होते. शेवटी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी महाराजा जयचामराज वडेयर यांनी जाहीरनामा काढून भारताचे संविधान आपल्या राज्याला लागू करून घेतले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषेच्या आधारावर राज्ये नव्याने रचली गेली, आणि १९७३ साली मैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले. सीमाभागाचा वाद न्यायालयात आहे आणि तो या पानाचा विषय नाही. ज्या गोष्टीचा तुमच्याशी रोज संबंध येतो, म्हणजे राज्याची भाषा एक आणि घरातली भाषा दुसरी असेल तर काय, त्याबद्दल शेवटी सविस्तर लिहिले आहे.

यादीतले नाव

संविधान लागू होण्याच्या आधीच, १९४८ पासून, देशभर मतदार याद्यांचे काम सुरू झाले होते. घरोघर जाऊन एकवीस वर्षांवरच्या प्रत्येकाचे नाव लिहायचे होते (मतदानाचे वय १८ झाले ते १९८९ साली). तोवर यादीत कधीच नसलेली कोट्यवधी माणसे पहिल्यांदा कागदावर आली. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३२ लाख मतदार होते.

त्या कामातली एक गोष्ट अर्ज भरणाऱ्या प्रत्येक बाईने माहीत करून घ्यावी. नावे लिहायला आलेल्या माणसाला अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले. परक्या पुरुषाला नाव सांगायची रीत नव्हती. निवडणूक आयोगाने ठरवले की मतदार ही व्यक्ती असते आणि तिची नोंद तिच्याच नावाने व्हायला हवी. नावे दुरुस्त करून घ्यायला मुदत दिली गेली. तरीही सुमारे २८ लाख स्त्रियांची खरी नावे मिळाली नाहीत आणि पहिल्या निवडणुकीत त्यांना मत देता आले नाही. यांतल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या.

आयोगाचा निर्णय कठोर होता, पण मला तो बरोबर वाटतो. आजही आधारवर ‘लक्ष्मीबाई’, बँकेत ‘लक्ष्मी’ आणि रेशन कार्डावर फक्त सासरचे आडनाव, अशी तीन नावे असलेल्या बाईचा अर्ज अडकतो. फरक एवढाच की आता कायदा नावाच्या बाजूने उभा आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या अठरा वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या स्त्रीचे नाव लागते. कर्नाटकातल्या गृहलक्ष्मीसारख्या योजनेत महिन्याचे दोन हजार रुपये याच नोंदीवरून कोणाच्या खात्यात जायचे ते ठरते. नाव जुळवून घेण्याचा कंटाळा करू नका.

पुस्तकात काय काय आहे

सुरुवातीला एक पानभर उद्देशिका आहे, हिलाच सरनामा किंवा प्रास्ताविकाही म्हणतात. तिचा पहिलाच शब्द ‘आम्ही’ आहे. कन्नडमध्ये ‘नावु’ म्हटले की ऐकणारा त्यात धरला आहे की नाही हे शब्दावरून कळत नाही. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत, आणि इथे ‘आपण’ नाही, ‘आम्ही’ आहे. याचा अर्थ लोक इथे आपसात बोलत नाहीत. ते सगळे मिळून आपला निर्णय जाहीर करत आहेत. राज्य जे काही करणार ते त्या ‘आम्ही’ने सांगितले म्हणून. अनुवाद करताना असे एकेका शब्दापाशी थांबावे लागते, म्हणून हे लक्षात आले.

त्यापुढे मूळ संविधानात ३९५ कलमे होती, २२ भागांत विभागलेली, आणि शेवटी ८ अनुसूची म्हणजे जोडयाद्या. आता अनुसूची १२ झाल्या आहेत आणि मध्ये मध्ये नवी कलमे घातली गेली आहेत. मधल्या घातलेल्या कलमांना २१-अ, ३९-अ, ३५०-अ असे क्रमांक असतात, म्हणजे आधीच्या क्रमांकांची मोडतोड होत नाही. राष्ट्रपती, संसद, न्यायालये, राज्यपाल, निवडणूक आयोग यांबद्दलचे भाग पुष्कळ लांब आहेत. ते इथे सोडून देते. तुमच्या कामाचे दोन भाग म्हणजे तिसरा आणि चौथा.

तिसऱ्या भागात मूलभूत हक्क आहेत. कायद्यापुढे सर्व समान (कलम १४). धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव नाही (१५). अस्पृश्यता नष्ट (१७). जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य (२१). हे हक्क मोडले तर माणूस थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो, कलम ३२ प्रमाणे. उच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग कलम २२६ मध्ये आहे. स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी खास तरतूद करायला कलम १५ आडवे येत नाही. हे त्याच कलमात लिहिले आहे, म्हणून फक्त महिलांसाठीची योजना ‘पुरुषांवर अन्याय’ ठरत नाही.

चौथ्या भागात राज्याने कोणत्या दिशेने चालायचे ते सांगितले आहे. अधिकृत नाव ‘राज्य धोरणाची निदेशक तत्त्वे’, शाळेच्या पुस्तकात ‘मार्गदर्शक तत्त्वे’. ही कल्पना आयर्लंडच्या १९३७ च्या संविधानावरून घेतली. तुमच्या जवळजवळ प्रत्येक योजनेचे बीज या भागात आहे. म्हातारपण, आजारपण, अपंगत्व, बेकारी यांत सरकारी मदत: कलम ४१. बाळंतपणातली मदत: ४२. अनुसूचित जाती-जमाती आणि दुर्बल घटकांचे शिक्षण: ४६, म्हणजे शिष्यवृत्ती आणि वसतिगृहे. लोकांचे पोषण आणि आरोग्य: ४७. गरिबाला मोफत वकील: ३९-अ, हे मात्र १९७६ साली घातलेले.

पण चौथ्या भागाला एक मोठी अट आहे, आणि ती कलम ३७ मध्ये स्पष्ट लिहिली आहे. ही तत्त्वे देशाच्या कारभारात मूलभूत आहेत, तरी त्यांची अंमलबजावणी न्यायालयाकडून करून घेता येत नाही. कलम ४१ मध्ये तर आणखी एक पाचर आहे: राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. म्हणजे ‘कलम ४१ आहे, मला पेन्शन द्या’ एवढ्यावर न्यायाधीश पेन्शन देऊ शकत नाही.

संविधान सभेतही यावर टीका झाली. ज्या हक्काची वसुली होत नाही तो हक्क कसला, त्या नुसत्या सदिच्छा आहेत, असे सदस्य म्हणाले. आंबेडकरांचे उत्तर असे होते की सत्तेवर कोणीही येवो, त्याला या सूचना डावलता येणार नाहीत. न्यायालयात नाही तरी निवडणुकीत मतदारांसमोर त्याला उत्तर द्यावे लागेल. त्यांचे स्वतःचे मत याहून पुढचे होते. १९४७ साली संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात आर्थिक रचनाच संविधानात पक्की करावी अशी त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी इशारा दिला की राजकारणात आपण एका माणसाला एक मत देणार, पण समाजात आणि पैशात विषमता तशीच राहणार, आणि ही विसंगती फार काळ ठेवली तर उभारलेले सगळे धोक्यात येईल.

आमच्या गल्लीत एक आजी आहेत, घरात मराठी बोलणाऱ्या, तीन पिढ्या इथेच. पेन्शनच्या पैशाला त्या ‘धर्माचे पैसे’ म्हणतात. सरकारने पुण्य म्हणून दिलेले, असा त्यांचा अर्थ. अर्जावरचा ‘लाभार्थी’ हा शब्दही तोच सूर लावतो, आणि मला तो आवडत नाही, पण सगळे अर्ज त्याच शब्दाने छापले आहेत. आजींचे म्हणणे बरोबर की चूक, याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. ते योजना कशावर उभी आहे यावर अवलंबून आहे.

तुमची योजना कायद्याने आहे की आदेशाने

चौथ्या भागातले तत्त्व तुमच्यापर्यंत दोन वाटांनी येते.

पहिली वाट: संसद किंवा विधिमंडळ त्यावर कायदा करते. मग ते वसूल करता येणारे हक्क होतात. महाराष्ट्रातल्या वाचकांना याचे सगळ्यांत जुने उदाहरण ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली. वि. स. पागे यांनी त्या योजनेचा पाठपुरावा केला आणि १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदाच केला. कामाच्या हक्काबद्दल कलम ४१ मध्ये जे अर्धे वाक्य आहे, त्याला हातपाय फुटले. २००५ साली संसदेने देशभरच्या ग्रामीण कुटुंबांसाठी वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी देणारा कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

धान्याची गोष्ट न्यायालयामार्गे गेली. २००१ साली गोदामे भरलेली असताना राजस्थानात लोक उपाशी होते. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. तिसऱ्या भागातले कलम २१ आणि चौथ्या भागातले कलम ४७ एकत्र वाचा, असे त्यांचे म्हणणे: जिवंत राहण्याचा हक्क आहे तर अन्नाशिवाय तो कसा पुरा होणार? याआधी १९८५ साली मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांच्या खटल्यात, ओल्गा टेलिस प्रकरणात, उपजीविकेचा हक्क कलम २१ मध्ये येतो असे न्यायालयाने म्हटलेच होते. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने अन्नाच्या चालू योजना लोकांचे कायदेशीर हक्क मानल्या गेल्या आणि सरकारी प्राथमिक शाळांत शिजवलेले जेवण देणे बंधनकारक झाले. तुमच्या मुलांच्या ताटातली खिचडी किंवा बिसी बेळे भात तिथून आला. पुढे २०१३ साली अन्न सुरक्षा कायदा झाला.

त्या कायद्यात आकडे लिहिलेले आहेत. प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला ५ किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. धान्य मिळाले नाही तर राज्य सरकारने त्याबदली अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा आहे. तक्रारीसाठी जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यावर राज्य अन्न आयोग आहे. म्हणून रेशन दुकानदार ‘वरून आलेच नाही’ म्हणाला, तर तुमचे बोलणे तिथे संपत नाही. शिक्षणाचेही असेच: २००२ साली कलम २१-अ आले, २००९ साली कायदा झाला, आणि १ एप्रिल २०१० पासून ६ ते १४ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षण हा हक्क आहे.

दुसरी वाट: सरकार आदेश काढून योजना सुरू करते. महाराष्ट्रातली लाडकी बहीण योजना २८ जून २०२४ च्या शासन निर्णयाने आली. वृद्ध, विधवा आणि अपंगांना केंद्राकडून जाणारी पेन्शनही १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेल्या कार्यक्रमातून येते, वेगळ्या कायद्यातून नाही. अशी योजना सरकार बदलू शकते, रक्कम कमी-जास्त करू शकते, बंदही करू शकते. आजींच्या बोलण्यात एवढे तथ्य आहे.

पण योजना चालू असेपर्यंत ती कोणाच्या मर्जीची नसते. पात्रतेच्या अटी छापलेल्या आहेत आणि तुम्ही त्यांत बसता, तर शेजारणीला दिले आणि तुम्हाला नाही असे करता येत नाही. कलम १४ तिथे उभे असते. नाकारले तर कोणत्या अटीमुळे हे सांगावे लागते. म्हणून नकार नेहमी लेखी मागा. तोंडी नकारावर पुढे काहीच करता येत नाही.

बेंगळुरूला विचारायचे की दिल्लीला

एका खिडकीवर सांगतात, हे केंद्राचे आहे. दुसऱ्या खिडकीवर सांगतात, राज्याचे. हे टोलवणे वाटते (पुष्कळदा असतेही), पण त्यामागे संविधानाची सातवी अनुसूची आहे. तिच्यात तीन याद्या आहेत: केंद्राचे विषय, राज्याचे विषय आणि दोघांचे समाईक. अपंग आणि काम करू न शकणाऱ्यांना मदत हा विषय राज्यांच्या यादीत, सामाजिक सुरक्षा समाईक यादीत. म्हणून ६० ते ७९ वर्षांच्या वृद्धाच्या पेन्शनमध्ये केंद्राचे २०० रुपये असतात, ८० नंतर ५००, आणि त्यात राज्य आपली भर घालते. खात्यात एकच रक्कम दिसते, पण ती दोन ठिकाणांहून आलेली असते. अर्ज मात्र राज्याच्या यंत्रणेकडेच करायचा असतो, कर्नाटकात नाडकचेरीत. ‘दिल्लीहून पैसे आले नाहीत’ हे उत्तर मिळाले, तरी अर्ज मंजूर झाला की नाही हे नाडकचेरीने सांगायलाच हवे.

तिसरा थर ग्रामपंचायती आणि नगरपालिकांचा. १९९२ च्या दोन घटनादुरुस्त्यांनी त्यांना संविधानात जागा मिळाली. गावात ग्रामसभा आहे, तिथे लाभार्थ्यांची यादी वाचायला मागता येते. शहरात हे अवघड. येलहंक्याला स्वतःची नगरपालिका होती. २००७ साली ती बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेत विरली. २०२५ साली त्या महानगरपालिकेच्या जागी पाच महानगरपालिका आल्या. दर वेळी फळ्यावरचे नाव बदलते आणि लोक जुन्याच दारात रांग लावतात.

मराठीत लिहिलेली तक्रार चालते का

हा प्रश्न कर्नाटकातल्या मराठी वाचकांकडून मला सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येतो. उत्तर कलम ३५० मध्ये आहे. आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी कोणताही माणूस केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, त्या त्या ठिकाणी म्हणजे केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देऊ शकतो. ‘राजभाषेत’ असे तिथे म्हटलेले नाही, ‘वापरात असलेल्या’ भाषेत असे म्हटले आहे. कर्नाटकात मराठी वापरात आहे. त्यामुळे फक्त भाषेच्या कारणावरून तुमची तक्रार परत करता येत नाही.

मर्यादाही नीट समजून घ्या. हे कलम गाऱ्हाण्याबद्दल आहे. योजनेचा छापील अर्ज राज्याच्या राजभाषेत, म्हणजे कन्नडमध्ये असू शकतो आणि तो तसाच भरावा लागतो. उत्तरही तुमच्याच भाषेत मिळेल असे कलम ३५० सांगत नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज वेगळ्या कायद्याने चालतो. तो इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेतच करायचा आहे, म्हणजे येलहंक्यात मराठीतला चालणार नाही. मात्र ज्याला लिहिता येत नाही त्याची तोंडी मागणी कागदावर उतरवून द्यायला माहिती अधिकाऱ्याने मदत करायची आहे, असे त्याच कायद्यात आहे. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही, आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची.

मुलांच्या बाबतीत कलम ३५०-अ आहे, १९५६ साली राज्ये नव्याने रचताना घातलेले. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळेल अशा पुरेशा सोयी करण्याचा प्रत्येक राज्याने प्रयत्न करायचा आहे. ‘प्रयत्न’ हा शब्द तिथे आहे, तो विसरू नका.

मी काय सुचवीन? तक्रार मराठीत लिहा, कारण आपले म्हणणे आपल्या भाषेत नीट मांडता येते आणि खाली सही करताना आपण काय लिहिले आहे हे आपल्याला ठाऊक असते. तिला एक कन्नड पान जोडा, शेजारच्या शिकलेल्या मुलीकडून लिहून घेतलेले चालेल: नाव, अर्ज क्रमांक, तारीख, काय हवे, एवढेच चार ओळींत. कायद्याने ते पान सक्तीचे नाही, पण टेबलापलीकडच्या माणसाला वाचता आले तर काम लवकर होते. दोन्ही भाषांत निम्मे शब्द सारखेच आहेत. आपला अर्ज त्यांची ‘अर्जी’, तहसीलदार तोच, खाते तेच आणि कचेरीही तीच.

पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. कर्नाटकात ‘सकाल’ कायद्याखाली येणाऱ्या सेवांना ठरलेली मुदत असते आणि पोचपावतीवर क्रमांक मिळतो. मुदत उलटली तर अपील करता येते आणि उशिराबद्दल दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते. अपिलातही काम झाले नाही आणि वकील लागला, तर कलम ३९-अ वरून झालेल्या १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती आणि जमातींचे लोक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. दूरध्वनी १५१००. जाताना पोचपावती, लेखी नकार आणि रेशन कार्डाची प्रत बरोबर न्या.